इज्रेलची वडील मंडळी

इसवी सन १८६१ मध्यें तैग्रीस नदीच्या वरच्या खोऱ्यांत कुर्ख नांवाच्या ठिकाणीं एक कोरीव शिला सांपडली. ती आज लंडन येथील ब्रिटिश म्यूझियममध्यें ठेविलेली आहे. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसेर याच्या स्वाऱ्यांचें वर्णन तिच्यावर आहे. इ. स. पू. ८५३ मध्यें कर्कार येथें जे राजे एकजूट करून त्याच्याशीं लढले, त्यांच्या यादींत इस्राएलच्या अहाब राजाचें नांव येतें, आणि त्याच्या पदरीं २,००० रथ व १०,००० सैनिक होते असा आंकडाही तेथें दिलेला आहे.

ज्या अहाबाचे रथ परक्या राजाच्या शिलेवर मोजले गेले, त्याच अहाबाचा वृत्तान्त पवित्र शास्त्रांत, राजांच्या पहिल्या पुस्तकांत, आला आहे. तेथें कर्कारच्या लढाईविषयीं एक अक्षरही नाहीं. मात्र राजवाड्याच्या शेजारच्या एका द्राक्षमळ्याविषयीं सबंध अध्याय खर्ची घातला आहे. अश्शूरच्या लेखकास राजाचें सैन्य महत्त्वाचें वाटलें. शास्त्रकारास त्या राजाच्या शेजाऱ्याचें काय झालें हें महत्त्वाचें वाटलें. इस्राएली शास्त्राची न्यायाकडे पाहण्याची दृष्टि कोणती, हें एवढ्या एका गोष्टीवरून ध्यानांत येतें.

ही कथा बहुतेक विद्यार्थ्यांनीं शास्त्राच्या तासास ऐकली असेल. तरी तिच्या एका अंगाकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं, म्हणून ती थोडक्यांत पुन्हां सांगतों. इज्रेल गांवीं नाबोथ नांवाचा गृहस्थ राहत असे. त्याचा द्राक्षमळा अहाबाच्या वाड्याला लागून होता. राजाला तेथें भाजीपाल्याची बाग करण्याची इच्छा झाली. त्यानें नाबोथास त्या मळ्याच्या बदल्यांत अधिक चांगला मळा, अथवा रोख किंमत देऊं केली. वरवर पाहतां मागणें रास्त होतें. नाबोथानें तें नाकारलें. पण त्याच्या नकाराच्या मुळाशीं हट्ट नव्हता. लेवीय पुस्तकांतील नियमाप्रमाणें जमीन कायमची विकावयाची नसे. जमीन परमेश्वराची, आणि तिच्यावर राहणारे सर्व उपरी, अशी तेथें शिकवण आहे. अडचणीपोटीं कोणीं ती विकलीच, तर पन्नासाव्या वर्षीं ती मूळ घराण्याकडे परत जावी असें सांगितलें आहे. वाडवडिलांचें वतन राजाच्या भाजीपाल्यासाठीं सोडून देणें नाबोथाच्या धर्मबुद्धीस पटेना.

राजा रुसून घरीं आला आणि तोंड फिरवून अंथरुणावर पडला, अन्नास शिवेना. तेव्हां राणी ईजबेल पुढें सरसावली. ती सीदोनी राजाची कन्या. तिनें अहाबाच्या नांवानें पत्रें लिहिलीं, त्यांवर त्याची मोहोर केली, आणि तीं इज्रेलच्या वडील मंडळीकडे व प्रतिष्ठितांकडे पाठविलीं. उपासाचा दिवस पुकारावा, नाबोथास लोकांमध्यें मानाच्या जागीं बसवावें, त्याच्यासमोर दोन अधम माणसें उभीं करावीं, त्यानें देवाची व राजाची निंदा केली अशी साक्ष त्यांच्याकडून देववावी, आणि मग त्यास बाहेर नेऊन दगडमार करावा, असा त्या पत्रांतील मजकूर होता. पत्रांत जसें होतें तसेंच घडलें. नाबोथ मेला असा निरोप राणीकडे गेला, आणि राजा उठून मळा ताब्यांत घेण्यास निघाला.

या कथेवर प्रवचन होतें तेव्हां अहाबाच्या लोभावर व ईजबेलच्या क्रौर्यावर बोट ठेविलें जातें. तें योग्यच आहे. परंतु राजा होण्याचा योग आपल्यांपैकीं कितीजणांच्या वांट्यास येणार? अहाबाच्या पापाची आपल्याला फारशी भीति वाटत नाहीं, कारण तें करण्याइतकी सत्ताच आपल्या हातीं नाहीं. माझ्या मतें या अध्यायांत ज्यांना पाहून आपण खरोखर दचकावें, तीं माणसें निराळींच आहेत. शास्त्रानें त्यांचीं नांवेंही दिलेलीं नाहींत. तीं माणसें म्हणजे इज्रेलची वडील मंडळी.

ईजबेलनें नाबोथाच्या अंगावर एकही दगड टाकला नाहीं. तिनें फक्त पत्रें धाडलीं. उपास पुकारणारे, सभा भरविणारे, साक्षीदार हुडकून आणणारे, दगड उचलणारे आणि काम फत्ते झाल्याचा निरोप पोंचविणारे, हे सर्व नाबोथाच्याच गांवचे होते. त्यांनीं त्याला लहानाचा मोठा होतांना पाहिलें असेल. त्याच्या मळ्याच्या कडेनें ते रोज गेले असतील. राणीचा हेतु काय आहे हें त्यांना समजलें नसेल असें म्हणवत नाहीं, कारण साक्षीदार अधम असावेत असें पत्रांतच स्पष्ट होतें. तरीही "हें आम्ही करणार नाहीं" असें म्हणणारा एकही मनुष्य त्या अध्यायांत आढळत नाहीं.

आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. इस्राएलाच्या नियमशास्त्राप्रमाणें एकाच मनुष्याच्या साक्षीवरून कोणास देहान्त शासन देतां येत नसे. दोन किंवा तीन साक्षी लागत. येथें बरोबर दोन साक्षीदार होते. देवनिंदेस दगडमार हीच शिक्षा होती. तीच दिली गेली. वध वस्तीबाहेर करावयाचा. तो तसाच केला गेला. शिवाय उपास होता, म्हणजे धर्माचा देखावाही पुरा झाला. बाह्य रीतींपैकीं एकही चुकली नाहीं, आणि निरपराध मनुष्य मेला. कायद्यांत प्राण असतो तो साक्ष देणाऱ्याच्या व ती पारखणाऱ्याच्या सचोटीचा. ती सचोटी गेली म्हणजे उत्तमांतला उत्तम कायदाही दुष्टाच्या हातचें हत्यार होतो. म्हणूनच अनुवादाच्या पुस्तकांत न्यायाधीशांना कसून चौकशी करण्याची आज्ञा आहे, आणि साक्षीदार खोटा ठरल्यास, त्यानें दुसऱ्यावर जें संकट आणूं पाहिलें तेंच त्याच्यावर आणावें असा दंड ठेविला आहे. त्या काळीं न्याय गांवच्या वेशींत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत होत असे, आणि वडील मंडळी तेथें बसत. इज्रेलमध्यें अशी चौकशी झाली नाहीं. कारण जे चौकशी करावयाचे, त्यांच्याच हातांत राणीचें पत्र होतें.

येथें कोणी म्हणेल, "त्या बिचाऱ्यांनीं तरी काय करावें? राणीची आज्ञा मोडली असती, तर त्यांचीही नाबोथासारखीच गत झाली असती." हा आक्षेप हलका नाहीं. ईजबेलनें परमेश्वराच्या संदेष्ट्यांची कत्तल चालविली होती, हें सर्वांस ठाऊक होतें. भय खरें होतें. परंतु त्याच राणीच्या सावलींत, राजाच्याच घरचा कारभारी असलेला ओबद्या काय करीत होता, तें पाहा. त्यानें शंभर संदेष्ट्यांना पन्नास पन्नास करून गुहेंत लपविलें, आणि दुष्काळाच्या दिवसांत त्यांना अन्नपाणी पुरविलें. त्यानें दरबारांत भाषण केलें नाहीं, नोकरीही सोडली नाहीं. पण जेवढें त्याच्या हातीं होतें तेवढें त्यानें केलें. पुढें चारशें दरबारी संदेष्टे अहाबाला विजयाची हमी देत असतां, मिखाया नांवाच्या एका संदेष्ट्यास बोलावणें गेलें. "इतरांच्या सुरांत सूर मिळीव" अशी सूचना त्याला सेवकाकडून वाटेंतच मिळाली होती. त्यानें ती मानली नाहीं. पराजय होणार हें तो स्पष्ट बोलला, आणि बंदिशाळेंत कोरड्या भाकरीवर दिवस काढणें पत्करलें. त्याच्याही पूर्वीं शौल राजानें आपल्या शिपायांस नोब येथील याजकांना ठार मारण्याची आज्ञा केली होती, तेव्हां त्यांपैकीं एकाचाही हात उठला नाहीं.

तो प्रसंग मात्र प्रामाणिकपणें पुरता सांगितला पाहिजे. शिपायांनीं नाकारलें तरी याजक वांचले नाहींत. दवेग नांवाच्या अदोमी मनुष्यानें तें काम केलें, आणि ८५ याजक मारले गेले. नकार दिल्यानें अन्याय प्रत्येक वेळीं थांबतोच असें नाहीं. तथापि शौलाचे शिपाई आणि इज्रेलचे वडील यांच्यामध्यें जमीनअस्मानाचें अंतर आहे, हें लहान मुलालाही समजतें. न्याय हा आकाशांतून आपोआप पडत नाहीं, तो शोधावा लागतो, ही संदेष्ट्यांची शिकवण आहे. आणि त्या शोधाची पहिली पायरी म्हणजे अन्यायाच्या कामीं आपला हात लावूं न देणें.

दुसरी पायरी अधिक कठीण आहे. अहाब मळ्यांत उतरला तोंच एलीया संदेष्टा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. पत्र राणीनें लिहिलें होतें, दगड गांवकऱ्यांनीं मारले होते. तरी खून व लूट या दोहोंचा जाब एलीयानें राजाला विचारला, कारण मोहोर राजाची होती आणि लाभही राजाचाच होता. वरिष्ठानें हुकूम केला म्हणून हाताखालचा सुटत नाहीं, आणि हाताखालच्यानें काम केलें म्हणून वरिष्ठ सुटत नाहीं, असा हा चोख हिशेब आहे. राजानें एलीयाला वैरी म्हटलें. परंतु त्याचे शब्द ऐकून त्याच राजानें आपलीं वस्त्रें फाडलीं, गोणपाट पांघरलें, उपास केला. आणि तें पाहून देवानें त्याच्यावरील अरिष्ट पुढें ढकललें, असें शास्त्र सांगतें. अहाबासारख्याच्याही पश्चात्तापाची तेथें नोंद आहे. यावरून दुष्टाईला सामोरें जाण्याचा हेतु दुष्टाचा चुराडा करण्याचा नसून त्याला जागें करण्याचा असतो, हें दिसून येतें.

कोंकणांत शेंकडों वर्षें राहिलेले, आणि आज बहुसंख्येनें इस्राएल देशांत असलेले, मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक याच एलीयाला 'एलियाहू हन्नबी' म्हणून पूज्य मानितात. मंगल प्रसंगीं ते त्याच्या नांवानें मलिदा करितात, आणि अलिबागजवळच्या खंडाळा गांवीं खडकावर ज्या खुणा आहेत त्या त्याच्या रथाच्या होत, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा आहे. अहाबाचे दोन हजार रथ म्यूझियममधील शिलेवर राहिले. केसाळ वस्त्र व चामड्याचा कमरबंद घालणाऱ्या त्या संदेष्ट्याचा एकच रथ, समुद्र ओलांडून, साध्यासुध्या कुटुंबांच्या मनांत राहिला.

दुष्टाईला सामोरें जावें कसें, हेंही शास्त्रांत शिकण्यासारखें आहे. तकोवा गांवचा आमोस हा मेंढपाळ होता आणि उंबराच्या झाडांची निगा राखीत असे. इ. स. पू. आठव्या शतकांत, दुसरा यराबाम राज्य करीत असतां, त्यानें इस्राएल लोकांस संदेश दिला. त्याचे शब्द ज्या क्रमानें आपल्यापर्यंत आले आहेत तो क्रम पाहा. प्रथम दिमिष्काचें पाप, मग गज्जाचें, मग सोर, अदोम, अम्मोन व मवाब यांचें. परक्यांचे दोष ऐकतांना श्रोते मान डोलवीत असतील. नंतर यहूदाचें नांव येतें. आणि शेवटीं खुद्द इस्राएलाचें. जोड्याच्या किंमतीसाठीं गरिबाला विकणारे, खोट्या तराजूनें धान्य मापणारे आणि वेशींत दुर्बळाचा न्याय बुडविणारे ते परके नव्हते. ते मान डोलविणाऱ्यांतलेच होते. बेथेलचा याजक अमस्या यानें आमोसाला त्या राज्यांतून निघून जाण्यास सांगितलें, यांत नवल तें काय? शेजाऱ्याच्या दुष्टाईविरुद्ध बोलणारा सर्वांना हवा असतो. आपल्या घरच्या दुष्टाईविरुद्ध बोलणारा कोणालाच नको असतो. शास्त्राची कसोटी मात्र ही दुसरीच आहे.

आणखी एक इशारा दिल्यावांचून हा विषय सोडूं नये. अहाबानंतर कांहीं वर्षांनीं येहू नांवाच्या सेनापतीनें त्याचें घराणें उलथून पाडलें. त्यानें नाबोथाच्या रक्ताची आठवण बोलून दाखविली, आणि अहाबाच्या मुलाचें प्रेत नाबोथाच्याच शेतांत टाकविलें. आतां न्याय झाला, असें आपल्याला वाटावें. परंतु पुढें वाचा. येहूनें शोमरोनांतील अधिकाऱ्यांना, वडील मंडळीला व राजपुत्रांच्या पालकांना पत्रें पाठविलीं. पुन्हां पत्रें आणि पुन्हां वडील मंडळी! त्यांनीं आपल्याच ताब्यांतील सत्तर राजपुत्रांचा वध करून त्यांचीं शिरें टोपल्यांत भरून इज्रेलास पाठविलीं, आणि तीं वेशीच्या दाराशीं दोन ढीग करून ठेविलीं गेलीं. ज्या जागीं न्याय व्हावयाचा ती ही जागा! ज्यांना आज्ञा पाळण्यापलीकडे दुसरा धर्म ठाऊक नसतो, ते काल नाबोथाला मारतात आणि आज नाबोथाच्या नांवानें दुसऱ्यांना मारतात. सुमारें शंभर वर्षांनीं होशेय संदेष्ट्यानें सांगितलें कीं, इज्रेल येथें सांडलेल्या रक्ताबद्दल परमेश्वर येहूच्या घराण्यास शासन करील. सूडाला न्यायाचें नांव देऊन चालत नाहीं, हा निवाडा याच शास्त्रानें दिला आहे.

आतां एक लहानशी गोष्ट सांगून आटोपतों. १९६० सालीं इस्राएल देशाच्या समुद्रकिनाऱ्याजवळ, मसाद हशव्याहू नांवाच्या एका पडीक किल्ल्यांत, शाईनें लिहिलेली एक खापरी सांपडली. ती इ. स. पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धांतील आहे. तिच्यावर एका कापणीवाल्या मजुराचा अर्ज आहे. आपण ठरल्याप्रमाणें कापणी करून धान्य सांठविलें असतां मुकादमानें आपलें वस्त्र हिरावून नेलें, आपण निर्दोष आहों, तें वस्त्र परत देववावें, असें तो अधिकाऱ्यास विनवितो. गरिबाचें पांघरूण गहाण घेतलें असल्यास तें सूर्य मावळण्यापूर्वीं परत करावें, असा नियम निर्गमाच्या पुस्तकांत आहे. कारण रात्रीं अंगावर घेण्यास त्याच्याजवळ दुसरें कांहीं नसतें. या मजुराचें प्रकरण गहाणाचें नसेल. पण वस्त्र गेलें म्हणजे काय जातें, हें त्या नियमावरून कळतें. अर्जांत त्यानें आपल्या बाजूनें कोणाचा हवाला दिला आहे? कोणा प्रतिष्ठिताचा नाहीं. कडक उन्हांत आपल्याबरोबर कापणी करणारे सोबती आपल्यासाठीं साक्ष देतील, असें तो सांगतो.

अहाबाच्या राजवाड्याशेजारीं राहणाऱ्या नाबोथाला असा एकही सोबती मिळाला नाहीं. या मजुराला मात्र आपल्या सोबत्यांविषयीं खात्री होती. एखाद्या गांवांत न्याय नांदतो कीं नाहीं, हें त्या गांवच्या राजावरून ओळखावें त्यापेक्षां, तेथील गरिबाला आपल्या शेजाऱ्याविषयीं एवढी खात्री आहे कीं नाहीं, यावरून ओळखावें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गांतही कधीं तरी असा प्रसंग येईल. खिडकीची कांच एकानें फोडलेली असेल आणि ज्याची बाजू घेण्यास कोणी नाहीं अशा मुलावर तिचा आळ येत असेल. दांडगट मुलगा तुमच्याकडे डोळे वटारून पाहील. तुमच्या हातीं मोहोरेचें पत्र नसेल, पण तुम्हीं काय बोलावें किंवा बोलूं नये, हें दुसऱ्या कोणीं तरी ठरवून दिलेलें असेल. त्या क्षणीं तुम्ही इज्रेलच्या वेशींत बसलेले असतां. पालकांनींही आपल्यापुरता विचार करावा. दुकानांतील माप, मोलकरणीची मजुरी, वरिष्ठांच्या सांगण्यावरून केलेली सही, शेजाऱ्याच्या बांधाविषयीं दिलेला जबाब, ह्याच आपल्या वेशी आहेत; आणि घरीं मुलें तें सर्व पाहत असतात. "आपल्याला काय करावयाचें आहे?" हें वाक्य मूल शाळेंत क्वचितच शिकतें, बहुधा तें घरांतच त्याच्या कानीं पडलेलें असतें.

त्या मजुराचे सोबती पुढें आले कीं नाहीं, त्याला त्याचें वस्त्र मिळालें कीं नाहीं, हें खापरीवर लिहिलेलें नाहीं. तुमच्या शेजारच्या बांकावरचा मुलगा मात्र तुम्ही काय करितां याची आज वाट पाहत आहे. आणि त्याचें उत्तर लिहिणें तुमच्या हातीं आहे.